आवाजाचे नाव

मुलांनो, १९०२ साली कोलकाता येथे गौहरजान यांचे गाणे तबकडीसाठी ध्वनिमुद्रित झाले. गाणे संपताच त्या स्वतःचे नाव सांगत. तबकडी जर्मनीत तयार होई. तेथील कारागिरांना नावावरून गायिका ओळखता येई.

आज गाणे संगणकात फाइल म्हणून साठवतात. सीडीच्या दर्जाच्या एका मिनिटाच्या वेव्ह फाइलला सुमारे १० एमबी जागा लागते. तिची फ्लॅक केली, तर जागा बहुधा निम्मी लागते आणि आवाज जसाच्या तसा राहतो. एमपी३ आणखी लहान असते. पण तिच्यात आवाजाचा काही भाग गाळलेला असतो. तिची पुन्हा फ्लॅक केली, तरी गाळलेले परत येत नाही. म्हणून मूळ फ्लॅक जपून ठेवा.

फाइलमध्ये गायक, गाणे, राग व वर्ष लिहिता येते. यालाच टॅग म्हणतात. डीजेसुद्धा टॅग पाहूनच हवे ते गाणे चटकन शोधतो. १९१३ साली पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढणाऱ्या अब्दुल करीम खाँ यांचे गाणे नुसते 'ट्रॅक १' म्हणून ठेवले, तर उद्या ते कोण ओळखेल?

गौहरजान यांनी आपले नाव स्वतः सांगितले. फाइल सांगत नाही; ते तुम्ही लिहा.