उदर-महारोहिणीचा विस्फार : स्त्रिया आणि पुरुष

हृदयातून निघालेली महारोहिणी उदरात उतरते, तेव्हा तिचा व्यास साधारणपणे २ सेंटिमीटर असतो. उतारवयात, विशेषतः धूम्रपान करणाऱ्यांत, तिची भित्ती दुबळी होऊन फुगू लागते. व्यास ३ सेंटिमीटर झाला म्हणजे त्यास विस्फार म्हणतात. तो बहुधा वेदनारहित असतो. परंतु फुटल्यास बहुतेक रोगी दगावतात. १९५१ साली पॅरिस येथे शार्ल द्यूबोस्त यांनी फुगलेला भाग काढून तेथे दुसरी रोहिणी बसविली. १९९० साली ब्वेनोस आइरेस येथे ह्वान पारोदी यांनी मांडीच्या रोहिणीतून कृत्रिम नळी आत सरकविण्याची पद्धत प्रचारात आणली.

हा विकार पुरुषांत कितीतरी अधिक आढळतो. साहजिकच शस्त्रक्रिया केव्हा करावी, याचे नियमही मुख्यतः पुरुषांच्या अनुभवावरून ठरले. ५.५ सेंटिमीटरपर्यंत थांबण्यात धोका नाही, असा निष्कर्ष १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीने काढला. तिच्या १,०९० रोग्यांत स्त्रिया अवघ्या १८८ होत्या. २००२ सालच्या अमेरिकन चाचणीत तर ९९ टक्क्यांहून अधिक रोगी पुरुषच होते. मात्र ब्रिटिश रोग्यांच्याच पाहणीत विस्फार फुटण्याचा धोका स्त्रियांत सुमारे तिप्पट दिसून आला. स्त्रीची रोहिणी मुळातच लहान असल्यामुळे तेच माप तिच्या बाबतीत अधिक ताण दर्शविते. म्हणून स्त्रियांसाठी ५ सेंटिमीटरच्या सुमारास शस्त्रक्रियेचा विचार व्हावा, अशी शिफारस पुढे करण्यात आली.

परंतु लवकर शस्त्रक्रिया करावी, तर तीही स्त्रियांना अधिक जड जाते. अनेक अभ्यास एकत्र करून २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार, उदर उघडून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर तीस दिवसांच्या आत ५.४ टक्के स्त्रिया आणि २.८ टक्के पुरुष मृत्यू पावले. नळीच्या पद्धतीत हेच प्रमाण २.३ आणि १.४ टक्के होते. शिवाय या सौम्य पद्धतीस ३४ टक्के स्त्रियाच योग्य ठरल्या, तर पुरुष ५४ टक्के. मूत्रपिंडांच्या रोहिण्यांखाली नळी घट्ट बसण्यास पुरेशी जागा नसणे व मांडीकडील रोहिण्या अरुंद असणे, या अडचणी स्त्रियांत अधिक आढळतात. ज्यांच्यावर शस्त्रक्रिया केलीच नाही, त्यांचे प्रमाण स्त्रियांत ३४ आणि पुरुषांत १९ टक्के होते.

दीर्घकालीन परिणामांचा विचार करताना मात्र सावधगिरी हवी. शस्त्रक्रियेच्या वेळी स्त्रिया बहुधा अधिक वयस्क असतात. त्यामुळे केवळ पुढील मृत्यूंची संख्या मोजल्यास वयाचा परिणाम लिंगभेदाच्या माथी मारला जाण्याचा संभव असतो. शिवाय पुढील वर्षांतील अनेक मृत्यू हृदयविकार, फुप्फुसविकार वा कर्करोग यांनी होतात. म्हणून शस्त्रक्रियेनंतर धूम्रपानत्याग, रक्तदाबनियंत्रण आणि नियमित तपासणी यांस शस्त्रक्रियेइतकेच महत्त्व आहे.

५.२ सेंटिमीटरचा विस्फार असलेल्या वृद्धेस ‘अजून थांबा’ असे सांगताना, हा नियम कोणाच्या शरीरावरून ठरला, हे वैद्याने विसरता कामा नये.