देवराईचे अलिखित ज्ञान

पाश्चात्त्य अद्भुतरम्य कादंबऱ्यांत एक वृद्ध पुष्कळदा भेटतो. शुभ्र दाढी, अंगात पायघोळ झगा आणि हाती काठी असा हा पुरुष निबिड अरण्यात राहतो व वृक्षांशी बोलतो. त्यास ‘ड्रुइड’ म्हणतात. परंतु ड्रुइड हे केवळ कादंबरीकारांच्या कल्पनेतून जन्मलेले नाहीत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी गॉल, म्हणजे आजचा फ्रान्स, आणि ब्रिटन येथे राहणाऱ्या केल्ट लोकांचे ते पुरोहित, न्यायाधीश व गुरू होते.

रोमन सेनापती ज्यूलियस सीझर लिहितो, की त्यांचे काही शिष्य वीस वर्षे अध्ययन करीत. सारी विद्या ते मुखोद्गत करीत. ती लिहून ठेवणे त्यांना निषिद्ध होते. प्लिनी हा रोमन ग्रंथकार सांगतो, की शुभ्र वस्त्रे नेसलेला ड्रुइड ओक वृक्षावर चढून सोन्याच्या विळ्याने बांडगूळ कापी. आपण ऐतखाऊ माणसास ज्या नावाने हिणवितो, ती वनस्पती त्यांना सर्व रोगांवरील औषध वाटे!

पुढे इ. स. 60 च्या सुमारास रोमन सैन्याने ब्रिटनजवळील मोना बेटावर स्वारी केली आणि ड्रुइडांची पवित्र वने तोडून टाकली. कालांतराने गुरू नाहीसे झाले. त्यांच्याबरोबर मुखोद्गत विद्याही लोपली. आज त्यांच्याविषयी जे ठाऊक आहे, ते बहुतांशी परक्यांनी लिहिलेले आहे. उरलेली जागा कादंबरीकार कल्पनेने भरतात.

अशी पवित्र वने महाराष्ट्रातही आहेत. त्यांस देवराई म्हणतात. भीमाशंकराच्या परिसरातील आहुपे गावची देवराई प्रसिद्ध आहे. देवराईत कुऱ्हाड चालवावयाची नाही, हा पूर्वजांनी घालून दिलेला नियम. त्यामुळे तेथे जुने वृक्ष, प्रचंड वेली आणि पाण्याचे झरे टिकून राहिले. 1970 नंतरच्या दशकात डॉ. वर्तक व माधव गाडगीळ या शास्त्रज्ञांनी गावोगाव हिंडून अशा देवरायांची नोंद केली. ग्रामस्थांनी तोंडी जपलेले ज्ञान अशा रीतीने कागदावर आले.

त्याच काळात ठाण्याच्या खाडीपलीकडे, आगरी-कोळ्यांच्या गावांभोवती, नवी मुंबई उभी राहू लागली. तेथील उंच इमारतींच्या मध्ये आजही जुनी गावठाणे आणि गावदेवीची देवळे आहेत. कोणते झाड तोडू नये, कोणता पाला कशावर लावावा, हे सांगणाऱ्या आज्या तेथील घरांत अजून भेटतात. त्यांचे ज्ञान कोणत्याही पुस्तकात नाही. ड्रुइडांना विचारावयास आज कोणी जाऊ शकत नाही; आजीला मात्र आजच विचारता येईल.

स्वाध्याय
1. ड्रुइडांची विद्या का लोपली?
2. देवराईमुळे कोणते लाभ होतात?
3. घरातील वडीलधाऱ्यांस एका जुन्या झाडाची माहिती विचारा व ती वहीत लिहून ठेवा.