एक बेट, अनेक घरे : सायप्रसची वटवाघळे



फळ्यावर ‘वटवाघूळ’ हा शब्द लिहिला की आमच्या वर्गात दोन आवाज येतात. मुले ‘ईऽऽ!’ म्हणतात आणि मागच्या बाकावरचे आईबाबा म्हणतात, ‘अपशकुनी मेलं!’ म्हणूनच या पाठात आम्ही या प्राण्याची नीट ओळख करून देणार आहोत. त्यासाठी आपण भूमध्य समुद्रातील सायप्रस बेटावर जाऊ.

आधी एक गोष्ट लक्षात ठेवा. वटवाघूळ हा पक्षी नाही. ते पिल्लाला जन्म देते, दूध पाजते. म्हणजे ते आपल्यासारखेच सस्तन आहे. जगात वटवाघळांच्या १४०० हून जास्त जाती आहेत. त्यांपैकी सुमारे २० जाती एकट्या सायप्रसमध्ये आढळतात. एवढ्याशा बेटावर इतक्या जाती कशा मावतात? कारण प्रत्येकीचे घर आणि जेवण वेगळे आहे.

गुहा : गुहांमध्ये आणि तांब्याच्या जुन्या, बंद खाणींमध्ये काही वटवाघळे दिवसा लटकून झोपतात. त्यांतल्या काहींच्या नाकावर घोड्याच्या नालेसारखी कातडीची घडी असते.

कडे : उंच कड्यांच्या फटींत राहणाऱ्या एका जातीची शेपूट उंदरासारखी मोकळी असते. बहुतेक वटवाघळांचा आवाज आपल्या कानांना ऐकू येत नाही. हिचा मात्र पुष्कळांना येतो.

जंगल : ट्रूडोस पर्वताचे शिखर १९५२ मीटर उंच आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा सुमारे ३०० मीटर जास्त. तिथल्या पाइनच्या जंगलात झाडांच्या ढोलीत राहणारी वटवाघळे आहेत.

गाव : भिंतींच्या फटींत राहणारी चिमुकली वटवाघळे रात्री रस्त्यावरच्या दिव्यांभोवती घिरट्या घालतात आणि किडे पकडतात.

फळबागा : इथला पाहुणा मोठा आहे. सायप्रसचे फळे खाणारे वटवाघूळ दिवसा गुहेत झोपते आणि रात्री अंजीर, तुती, लोकाट शोधत बागेत येते. अंधाऱ्या गुहेत ते जिभेने टक्‌टक्‌ आवाज करते आणि त्याच्या प्रतिध्वनीवरून वाट काढते. महाबळेश्वरच्या रॉबर्स केव्हमध्ये राहणारी फळे खाणारी वटवाघळे ही त्याचीच जवळची भावंडे.

आता थोडी दुःखाची गोष्ट. ‘हा आमची फळे खातो’ म्हणून विसाव्या शतकात सायप्रसमध्ये या वटवाघळाला शत्रू ठरवले गेले. सरकारच्याच प्रोत्साहनाने हजारोंनी वटवाघळे मारली गेली. गुहांमध्ये विषारी धूर सोडला गेला. पण धुराला कोण फळ खातो आणि कोण किडे खातो, हे कुठे कळते? त्याच गुहेत झोपलेली, शेतातले किडे खाणारी वटवाघळेही मेली. म्हणजे शेतकऱ्याचे मित्रच गेले! शिवाय बाजारात पाठवायची फळे बहुधा पूर्ण पिकण्याआधीच तोडतात, आणि वटवाघळाला तर पिकलेलेच फळ हवे असते. मग नुकसान वाटले तेवढे होते का, हे आधी पाहायला नको होते का?

२००४ साली सायप्रस युरोपीय संघात आला आणि या वटवाघळाला संघाच्या कायद्याचे संरक्षण मिळाले. पण ओस पडलेली गुहा पुन्हा लवकर भरत नाही, कारण मादी एका वेळी बहुधा एकाच पिल्लाला जन्म देते.

आपण या पाठातून काय घ्यायचे? ज्याची भीती किंवा किळस वाटते, त्याला नावे ठेवण्याआधी त्याचे घर कुठे, तो खातो काय, एवढे तरी विचारायचे. हे वटवाघळांना लागू आहे, आणि शाळेत नव्याने आलेल्या मुलालाही!

स्वाध्याय
१. वटवाघळाला पक्षी का म्हणत नाहीत?
२. सायप्रसमधील वटवाघळांची कोणतीही तीन घरे सांगा.
३. गुहेत धूर सोडल्याने शेतकऱ्याचे नुकसान कसे झाले?
४. आजी-आजोबांना फोन करून विचारा : त्यांच्या गावात वटवाघळे कोणत्या झाडावर लटकत? उत्तर पाच वाक्यांत लिहून आणा.
५. उन्हाळ्यात सूर्य मावळल्यावर आईबाबांबरोबर अंगणात दहा मिनिटे शांत उभे राहा. वटवाघूळ दिसले तर चित्र काढा. मात्र खाली पडलेल्या वटवाघळाला हात लावू नका, मोठ्यांना सांगा.