हस्तव्यवसायाचा तास : दिवसाच्या कोणत्या प्रहरी?

शाळाभेटीच्या वेळी वर्गात पाऊल टाकताच माझी दृष्टी प्रथम भिंतीवरील वेळापत्रकाकडे जाते. विषयांचा क्रम शाळाशाळांतून निरनिराळा असतो; कोठे परिपाठानंतर गणित, तर कोठे मराठी. मात्र एका बाबतीत बहुतेक शाळांचे एकमत दिसते. हस्तव्यवसाय अथवा कार्यानुभव ही तासिका दिवसाच्या अगदी शेवटी, फार तर खेळाच्या आधी, ठेवलेली असते. असे का, म्हणून विचारले असता, “मुले तोवर दमलेली असतात, तेव्हा हलके काम बरे,” असे उत्तर मिळते. हे उत्तर वरवर पाहता समंजसपणाचे आहे. आणि ज्यांनी ही वेळापत्रके मान्य करून त्यांवर सह्या केल्या त्या आम्हां विस्तार अधिकाऱ्यांनाही ते आजवर पटत आले आहे. प्रस्तुत लेखात त्याचाच फेरविचार करावयाचा आहे.

शेवटच्या तासाचे प्रत्यक्ष स्वरूप शिक्षकबंधुभगिनींस नव्याने सांगावयास नको. आधीचा विषय लांबला की त्याची भरपाई याच तासातून होते. माहितीचे तक्ते भरून तातडीने पाठवावयाचे असले की तेही याच वेळी. उरलेल्या वेळात पेटीतून साहित्य काढावे, वाटावे, तोच दप्तरे भरण्याची घाई सुरू होते. खळ ओली असतानाच पुठ्ठ्यांची चळत कपाटावर जाते आणि दुसऱ्या दिवशी पाहावे तो सर्व पाने एकमेकांस चिकटलेली. अर्धे झालेले काम पुढच्या आठवड्यात कोणाच्या लक्षातही राहत नाही. याहून गंभीर गोष्ट अशी की, जी मुले शेवटच्या तासापर्यंत थांबतच नाहीत, त्यांच्या वाट्याला हा विषय वर्षभर येतच नाही.

ही गोष्ट मला कशी उमगली ते येथे सांगणे इष्ट वाटते. नोकरीच्या आरंभी मी एका द्विशिक्षकी शाळेत होतो. तिसरीच्या वर्गात एक मुलगा होता. वाचनात तो मागे, पाढ्यांत मागे. विचारले तर खाली मान घालून उभा राही. मधल्या सुट्टीनंतर तो बहुधा घरी जाई, कारण दुपारी म्हशी सोडावयाचे काम त्याच्याकडे असे. पोळ्याच्या आदल्या आठवड्यात एके दिवशी मुख्याध्यापक बैठकीस गेले आणि चारही वर्ग माझ्या एकट्याच्या अंगावर पडले. काय करावे हे न सुचून, मुले शांत राहावीत एवढ्याच हेतूने, परिपाठ आटोपताच मी ओढ्याची माती मळून सर्वांना बैल करावयास सांगितले.

बहुतेकांचे बैल पाय वाकून बसत होते. त्या मुलाचा बैल उभा होता. त्याने मागचे पाय किंचित मागे व जाड ठेवले होते, मानेखाली पोळी सोडली होती आणि वशिंड नेमके जेथे हवे तेथे होते. शेजारच्याचा बैल का बसतो हे तो त्याला समजावून सांगत होता, “पोटात माती जास्त झाली, पायात घाल.” दीड वर्षात मी त्याच्या तोंडून एवढे सलग वाक्य प्रथमच ऐकले. सायंकाळी हजेरीपत्रक आणि श्रेणीपत्रक समोर घेऊन बसलो तेव्हा ध्यानात आले की, कार्यानुभवाच्या तासाला हा मुलगा माझ्यासमोर जवळजवळ कधीच नव्हता. तरीही त्या रकान्यात मी त्याची श्रेणी दर सत्रास नेमाने भरीत आलो होतो, आणि तीही ‘बेताची’. वर्गात मागे, म्हणून हातानेही मागेच असणार, असे मी गृहीत धरले होते.

शेवटच्या तासाची ही परंपरा फार जुनी आहे असेही नाही. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेनंतर डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने मूलोद्योग शिक्षणाची जी योजना आखली, तीत शाळेच्या साडेपाच तासांपैकी 3 तास 20 मिनिटे मूलोद्योगास दिलेली होती. मातृभाषेला 40 मिनिटे, आणि संगीत, चित्रकला व गणित मिळून 40 मिनिटे. ती वाटणी आज कोणी करावी असे माझे म्हणणे नाही. तीत अतिरेक होता आणि सूत मोजण्याच्या भरात शिकवणे मागे पडल्याची तक्रार त्या काळीही होतीच. परंतु हाताचे काम दिवसाच्या मध्यभागी असावयास हवे, ही जाणीव तीत होती. पुढे 1964-66 च्या कोठारी आयोगाने कार्यानुभवाचा पुरस्कार केला, 1977 मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ असे नाव सुचविले, आणि 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या दरम्यान दहा दिवस दप्तराविना राखून ठेवावयास सांगितले. नावे बदलत गेली. खेड्यातील शाळेच्या भिंतीवरील जागा मात्र बदलली नाही.

आता “दमलेल्या मुलांना हलके काम” या विधानाकडे वळू. यात दोन समज आहेत व दोन्ही तपासून घेण्यासारखे आहेत. पहिला, हे काम हलके आहे. आखलेल्या रेषेवरून कात्री फिरवणे, सुईत दोरा ओवणे, चारही कोपरे जुळवून घडी घालणे यांत डोळा, हात व लक्ष यांचा एकाच वेळी कस लागतो. कात्रीने बोट कापल्याच्या ज्या घटना माझ्या कानावर आल्या, त्यांतील बहुतेक शेवटच्या घाईतील आहेत. दुसरा समज, दुपार उतरली की शरीर थकलेलेच असते. शरीराचे तापमान पहाटे सर्वांत कमी असते, दिवस चढेल तसे वाढते आणि सायंकाळच्या सुमारास सर्वाधिक होते. शिकागो विद्यापीठातील नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी गेल्या शतकात दाखवून दिले की, पत्ते लावण्यासारख्या हाताच्या कामाची गती या तापमानाबरोबर वरखाली होते. प्रौढांच्या हाताची पकडही दुपार उलटल्यावर अधिक असते. तेव्हा केवळ हाताचा विचार केला तर चार वाजताची वेळ वाईट म्हणता येणार नाही. वाईट असते ती भोजनानंतरची पहिली घटका. शालेय पोषण आहार आटोपल्यावर डोळ्यांवर येणारी झापड केवळ खिचडीची नसते. त्या सुमारास येणारी सुस्ती शरीराच्या दैनिक क्रमातच आहे.

कल्पना सुचणे ही मात्र निराळी गोष्ट आहे. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका प्रयोगात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना दोन प्रकारची कोडी घातली होती. ज्यांत एकाएकी उलगडा व्हावा लागतो अशी कोडी त्यांना स्वतःच्या उत्तम वेळेपेक्षा मरगळीच्या वेळी अधिक सुटली. पायरीपायरीने सोडवावयाच्या कोड्यांत असा फरक दिसला नाही. आपल्या पहिली-दुसरीच्या मुलांवर हा निष्कर्ष जसाच्या तसा लादता येणार नाही. लहान मुले मुळात सकाळची असतात. तरी त्यातून एक सोय मला सुचली व ती काही शाळांत उपयोगी पडली. काय करावयाचे हे शाळा सुटताना दहा मिनिटांत ठरवावे आणि प्रत्यक्ष काम दुसऱ्या दिवशी सकाळी घ्यावे. रात्रभर ते मुलांच्या मनात घोळते. येताना कोणी करवंटी आणतो, कोणी चिंचोके आणतो, कोणी आजीला विचारून येतो. आयत्या वेळी “आज काय करायचं, गुरुजी?” असे विचारणाऱ्या वर्गात हे घडत नाही.

तथापि वेळ ठरविताना मुलाइतकाच साहित्याचाही स्वभाव पाहिला पाहिजे, आणि आमच्या प्रशिक्षणात नेमका हाच भाग सांगितला जात नाही. गावातील कारागिरांना तो ठाऊक असतो. हातमागावरचे विणकर ताण्याला खळ देतात ती पहाटे, ऊन व वारा चढण्यापूर्वी. कुंभार सकाळी घडवतो, भांडे थोडे आवळले की मग थापटतो. त्याच्या दिवसाचे दोन भाग मातीने पाडलेले असतात. बुरूड वाळलेल्या कांबीला आधी पाणी दाखवितो. शाळेत माती उन्हाळ्यात दुपारी दिली तर ती मुलाच्या हातातच सुकू लागते व शिंग लावताना मानेला तडा जातो. तीच माती सकाळी दिली, ओल्या फडक्याखाली झाकली आणि पूर्ण झालेली वस्तू उन्हात न ठेवता सावलीत वाळविली, तर टिकते. आपली काळी माती वाळताना फार आकसते; तीत चाळलेली बारीक वाळू किंवा राख मिसळावी.

कागदाचे याच्या उलट. पावसाळ्यात सकाळचा कागद मऊ पडलेला असतो, घडी धरीत नाही व खळ वाळत नाही. तेव्हा कागदकाम उघडीप मिळेल त्या दिवशी दुपारी घेणे बरे. कापूस व सूत यांना दमट हवा मानवते. ज्या वडीलधाऱ्या शिक्षकांनी टकळीवर सूत काढले आहे त्यांस कोरड्या हवेत धागा वारंवार कसा तुटतो हे आठवत असेल. शिंदीची पाने विणावयाची तर आदल्या रात्री भिजवून सकाळीच विणली पाहिजेत.

प्रकाशाची बाब थोडक्यात सांगतो. शाळेची पडवी कोणत्या दिशेस आहे हे पाहावे. पूर्वेकडील पडवीत सकाळी ऊन थेट डोळ्यांवर येते, पश्चिमेकडील पडवीत दुपारी. सुईकामाला उजेड भरपूर हवा, पण ऊन नको. पावसाळी दिवशी चारनंतर एका खिडकीच्या खोलीत सुईकाम देणे म्हणजे मुलींच्या आणि मुलांच्या डोळ्यांवर अन्याय करणे होय. (सुईकाम मुलींनाच देण्याची चाल अद्याप काही ठिकाणी आहे. ती बंद करावी.)

तास कोणता यापेक्षाही तो किती सलग आहे, हा प्रश्न कधीकधी मोठा असतो. आठवड्याला 35 मिनिटांच्या चार तासिका आहेत असे धरू. साहित्य मांडणे व आवरणे यांत प्रत्येक वेळी 15 मिनिटे जातात. म्हणजे प्रत्यक्ष काम 80 मिनिटे. त्याच चार तासिकांचे दोन जोडतास केले तर मांडामांड दोनदाच होते व काम 110 मिनिटे होते. एक मिनिटही न वाढविता आठवड्याला अर्धा तास मिळाला. शिवाय वस्तू एका बैठकीत पुरी होते, हा लाभ मिनिटांत मोजता येत नाही.

एकशिक्षकी व द्विशिक्षकी शाळांतील बंधुभगिनी म्हणतील की, सकाळचा वेळ वाचनासाठी हवा. त्यांचे म्हणणे खरे आहे. पहिलीच्या मुलाचा सकाळचा ताजा तास रोज मातीत घालवावा असे मी सुचविणार नाही. परंतु आठवड्यातून दोन दिवस तिसरी-चौथीस परिपाठानंतर पडवीत हाताचे काम दिले, तर त्याच वेळी शिक्षकास पहिली-दुसरीचे वाचन शांतपणे घेता येते. मोठी मुले मातीत रमली की हाक मारीत नाहीत. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या परिसरात गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालविल्या. मुले ज्या वेळी जेथे असत तेथे शाळा नेली. आपल्याला तितके दूर जावयाचे नाही. एक तासिका दिवसाच्या या टोकाकडून त्या टोकाकडे न्यावयाची आहे.

कोणती वेळ आपल्या शाळेस योग्य, हे मी येथे बसून सांगू शकत नाही. ते शाळेनेच शोधावे. त्यासाठी सहा आठवडे पुरतात. पहिले दोन आठवडे परिपाठानंतर, पुढील दोन मधल्या सुट्टीपूर्वी आणि शेवटचे दोन नेहमीप्रमाणे शेवटच्या तासाला, असे हे काम घ्यावे. साहित्य तिन्ही वेळी एकच ठेवावे. माती एकदा व कागद एकदा असे केल्यास फरक वेळेचा की साहित्याचा हे कळणार नाही. एका साध्या वहीत प्रत्येक वेळी चार गोष्टी लिहाव्यात : त्या तासाला प्रत्यक्ष किती मुले हजर होती, घंटेनंतर किती मिनिटांनी सर्वांचे हात कामाला लागले, किती वस्तू पूर्ण झाल्या, आणि “आता थांबा” म्हटल्यावर किती जण थांबले नाहीत. यांतील शेवटचा आकडा मला सर्वांत बोलका वाटतो. नव्या गोष्टीचे नावीन्य पहिल्या दोन-तीन दिवसांत असते, म्हणून त्या दिवसांच्या नोंदी वेगळ्या खुणेने लिहाव्यात. जे मूल शेवटच्या तासाला नसते आणि सकाळी असते, त्याचे नाव अवश्य लिहावे.

माझ्या बीटातील ज्या शाळांनी हा प्रयोग केला त्यांचे उत्तर एक आले नाही. एका शाळेने मधल्या सुट्टीपूर्वीचा जोडतास पक्का केला, कारण उरलेले काम मुले सुट्टीत आपण होऊन पुरे करू लागली. डोंगरावरील एका शाळेत मुले वाड्यांवरून चालत येतात व पहिला अर्धा तास येणाऱ्यांचाच असतो. तेथे परिपाठानंतरची वेळ साधली नाही, दुसरा तास साधला. एका शाळेने विचारपूर्वक शेवटचाच तास राखला, परंतु तो जोडतास केला आणि लवकर घरी जाणाऱ्या चार मुलांसाठी शनिवारची सकाळ ठेवली. शनिवारी त्या चौघांबरोबर इतरही येऊ लागल्याचे तेथील बाईंनी मला सांगितले.

ज्या शाळा हा प्रयोग करू इच्छितात त्यांनी बदललेले वेळापत्रक केंद्रप्रमुखांमार्फत माझ्याकडे पाठवावे. त्यास मान्यता देण्यात येईल. सकाळच्या वेळी पडवीत मातीकाम चाललेले पाहून कोणी आक्षेप घेतल्यास ते मान्यतापत्र दाखवावे. उन्हाळ्यात सकाळची शाळा सुरू होण्यापूर्वी सहा आठवडे पूर्ण व्हावेत अशा बेताने आरंभ करावा, अन्यथा वेळाच बदलल्याने नोंदी जुळणार नाहीत. पुढील शाळाभेटीत मी वेळापत्रकापूर्वी ती वही मागणार आहे.