सौम्य पक्षाघात आणि पालटलेला स्वभाव

पहिल्या महायुद्धानंतरचा इतिहास शिकविताना, 'राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांच्या हट्टामुळे अमेरिका राष्ट्रसंघात गेली नाही', असे मी वर्षानुवर्षे सांगत आलो. आता ते वाक्य उच्चारताना जीभ अडखळते. कारण माझ्या घरातच घडले.

माझ्या थोरल्या बंधूंना पक्षाघाताचा सौम्य झटका आला. तोंड किंचित वाकडे झाले, हाताची शक्ती गेली. दोन दिवसांत सारे पूर्ववत झाले. आम्ही निर्धास्त झालो. पुढे मात्र मितभाषी, संयमी दादा क्षुल्लक कारणावरून संतापू लागले, मध्येच रडू लागले. 'निवृत्तीनंतर माणूस बिघडला', असे नातलग म्हणत. मीही एकदा त्यांना चारचौघांत सुनावले. तपासणीत मेंदूच्या धमन्या अरुंद झाल्याचे दिसले, तेव्हा मान खाली गेली.

उच्च रक्तदाब, मधुमेह व तंबाखू यांमुळे धमन्यांच्या आत चरबीचे थर साचतात. रक्तपुरवठा घटला की मेंदूचा कपाळामागील भाग व त्याला इतर भागांशी जोडणारे तंतू दुबळे होऊ शकतात. रागाला आवर घालणे, पुढाकार घेणे, स्वतःची चूक ओळखणे ही कामे बरीचशी त्यांचीच. म्हणून हातपाय धड असूनही स्वभाव पालटतो. पक्षाघातानंतर सुमारे एक तृतीयांश रुग्णांना नैराश्यही येते; घरचे त्याला आळस समजतात.

विल्सन यांचा उजवा हात १८९६ मध्ये एकाएकी दुर्बळ झाला होता. १९०६ मध्ये डाव्या डोळ्याची दृष्टी गेली. २ ऑक्टोबर १९१९ रोजी मोठा झटका येऊन डावी बाजू लुळी पडली. तरी आजाराचे गांभीर्य ते मान्य करीत नसत. राष्ट्रसंघाच्या प्रश्नावर त्यांनी तडजोड नाकारली. आपल्या आजारपणात मंत्रिमंडळाच्या बैठका बोलाविल्या म्हणून परराष्ट्रमंत्री लॅन्सिंग यांचा राजीनामा घेतला. १९ मार्च १९२० रोजी सिनेटने व्हर्सायचा तह दुसऱ्यांदा फेटाळला. हा स्वभाव की आजार, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. ताठरपणा मूळचाच होता, आजाराने त्याचा लगाम सुटला, असे मला वाटते.

पालकहो, घरात असा रुग्ण असल्यास डॉक्टरांना केवळ हातापायाचे सांगू नका. झोप, राग, रडणे, गप्प बसणे हेही सांगा. बरे वाटले म्हणून औषधे परस्पर बंद करू नका. तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळले, तर ते आपोआप ओसरले तरी त्याच दिवशी रुग्णालय गाठा. मोठ्या झटक्याचा धोका पहिल्या काही दिवसांतच सर्वाधिक असतो.

दादांची औषधे आता वहिनी स्वतः मोजून देतात. ते चिडले की आम्ही वाद घालीत नाही, विषय बदलतो.