नगर ते निघोज : सायकलीवरून गणित आणि विज्ञान

शनिवार-रविवारला जोडून आणखी एखादी सुट्टी आली की घरात बसवत नाही. अशा वेळी सायकल पुसून बाहेर काढावी, तीन-चार सोबती जमवावेत आणि पन्नास-साठ किलोमीटरवरचे एखादे ठिकाण गाठावे. त्यात फिरणे तर होतेच, पण बल, कार्य, शक्ती ही पुस्तकातली प्रकरणे पायांना जशी समजतात तशी नुसत्या डोळ्यांना समजत नाहीत.

अहमदनगर जिल्हा (२०२४ पासून त्याचे अधिकृत नाव अहिल्यानगर) यासाठी फार सोयीचा आहे. क्षेत्रफळाने तो महाराष्ट्रात सर्वांत मोठा. १७ हजार चौरस किलोमीटरांहून थोडा अधिकच. पश्चिमेला अकोले तालुक्यात राज्यातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई, उंची १,६४६ मीटर. पूर्वेला नेवासे-शेवगावकडची गोदाकाठची सपाट काळी जमीन. नवख्यांनी आधी नगरजवळचे डोंगरगण करून यावे. आपण मात्र आज लांबचा बेत आखू. नगरहून पुणे रस्त्याने चास, कामरगाव, सुपे. तेथून वळून पारनेर आणि पुढे कुकडी नदीवरचे निघोज. अंतर साधारण ६० किलोमीटर. एक दिवस जायचे, रात्री ओळखीच्या घरी किंवा गुरुजींनी आधी पत्र घालून ठरवलेल्या शाळेत मुक्काम, दुसऱ्या दिवशी परत.

निघण्यापूर्वी एक माप घ्या. मागच्या चाकाचा वॉल्व्ह बरोबर खाली आणा आणि तेथे जमिनीवर खडूची खूण करा. एकाने सायकलवर बसावे, दुसऱ्याने धरून ती सरळ पुढे न्यावी. वॉल्व्ह पुन्हा खाली आला की दुसरी खूण. आपल्या नेहमीच्या दांडीच्या सायकलीचे हे अंतर सुमारे २.२ मीटर भरते. वर कोणी बसलेले असावे असे का सांगितले? वजनाने टायर खाली दबतो, चाकाची परिणामी त्रिज्या किंचित कमी होते आणि अंतर थोडे घटते. हवा कमी असेल तर आणखी घटते. करून पाहा.

आता दाते मोजा. पुढच्या चक्राला ४४ आणि मागच्या फ्रीव्हीलला १८ असतील, तर पायडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक ४४ भागिले १८ म्हणजे २.४४ वेळा फिरते आणि सायकल सुमारे ५.४ मीटर पुढे जाते. निघोज गाठायला पायडलचे अकरा हजारांवर फेरे मारावे लागतील. आकडा ऐकून घाबरू नका. मिनिटाला ४६-४७ फेरे म्हणजे ताशी १५ किलोमीटर. या चालीने चार तासांचे काम.

हे चार तास पाय नेमके कशाशी झगडत असतात? सपाट रस्त्यावर दोघांशी. एक, टायर आणि रस्ता यांच्यामधला लोटन-विरोध. दुसरा, हवेचा विरोध. स्वार आणि सायकल मिळून ७० किलो वस्तुमान धरले, तर डांबरी रस्त्यावर पहिला विरोध सुमारे साडेपाच न्यूटन असतो आणि वेग वाढला तरी फारसा बदलत नाही. दुसरा मात्र लबाड आहे. तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताठ बसलेल्या स्वाराला ताशी १५ किलोमीटर वेगाला तो सुमारे पावणेसहा न्यूटन होतो. दोन्ही मिळून ११ न्यूटनच्या आसपास. सेकंदाला ४.१७ मीटर या वेगाने गुणले की शक्ती मिळते, सुमारे ४७ वॅट. घरातला जुना ४० वॅटचा दिवा आठवा. त्याहून थोडी जास्त.

आता समोरून ताशी १५ किलोमीटरचा वारा सुटला. तुम्ही पूर्वीच्याच वेगाने जात असाल, तर हवेच्या दृष्टीने तुमचा वेग ३० झाला. वेग दुप्पट, म्हणून हवेचा विरोध चौपट, सुमारे २३ न्यूटन. लागणारी शक्ती जवळजवळ ११८ वॅट. एवढी शक्ती तासन् तास देणे शाळकरी पायांना जमत नाही. मग पाय पूर्वीइतकेच, ४७ वॅट, देत राहतात आणि वेग उतरतो. गणित मांडले तर तो ताशी ८.६ किलोमीटरवर येतो. तोच वारा पाठीशी असता तर वेग २३.४ झाला असता.

येथे बहुतेकांची फसगत होते. “जाताना वारा अडवील, येताना ढकलील, फिटंफाट!” असे म्हणणारा एक तरी गडी प्रत्येक टोळीत असतो. ८.६ आणि २३.४ यांची सरासरी काढली तर १६ येते, म्हणजे वारा नसतानाच्या १५ पेक्षाही जास्त! मग वारा फायद्याचा म्हणायचा का? तास मोजा. वारा नसेल तर जाऊन-येऊन १२० किलोमीटरांना ८ तास. वारा असेल तर जाताना सुमारे ७ तास, येताना सुमारे अडीच, एकूण साडेनऊ. दीड तासाचे नुकसान. कारण उघड आहे : मंद वेगाने आपण जास्त वेळ चालतो, जलद वेगाने थोडा. म्हणून वेगांची सरासरी काढायची नसते. एकूण अंतराला एकूण वेळेने भागायचे असते. खरी सरासरी येते ताशी साडेबारा-पावणेतेरा. नदीत प्रवाहाविरुद्ध जाणाऱ्या नावेचे उदाहरण तुम्ही सोडवले असेलच. हे त्याचेच भावंड.

आणि हा वारा काल्पनिक नाही. सुप्याच्या आसपासच्या डोंगरमाथ्यांवर पवनचक्क्या उभ्या आहेत, त्या उगाच नाहीत. वाऱ्यातून मिळणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात असते. वारा दुप्पट झाला की शक्ती आठपट. म्हणून पवनचक्की उभारणारे वारा शोधत उघड्या माथ्यावर जातात आणि सायकलवाला त्याच माथ्यावर दमतो. पावसाळ्यात तेथे वारा पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून येतो. त्या वाऱ्याने आपले बाष्प सह्याद्रीवर, अकोल्याच्या घाटघर-भंडारदऱ्याकडे रिते केलेले असते. नगर-पारनेरला पर्जन्यछायेत वर्षाला पाच-सहाशे मिलिमीटर पाऊस. वारा मात्र पुरेपूर. हिवाळ्यात वारा बहुधा पूर्वेकडून, ईशान्येकडून आणि पुष्कळ मंद असतो.

दिवसाच्या वेळेचाही त्याच्याशी संबंध आहे. रात्री जमीन निवते, तिच्यालगतची हवा थंड आणि जड होऊन खालीच पडून राहते. वरचा वेगवान वारा तिच्यावरून निघून जातो. सूर्य वर आला, जमीन तापली की खालची हवा वर चढू लागते, वरची खाली येते आणि येताना आपला वेग बरोबर आणते. म्हणून दुपारचा वारा सकाळच्यापेक्षा जोरदार. जुनी माणसे पहाटेच गाडी जुंपत, त्यात उन्हाखेरीज हेही एक कारण असणार.

वाऱ्यावर दोन उपाय आहेत. हँडलवर वाकून बसा. हवेला अडवणारे क्षेत्र घटते. आणि एकामागे एक ओळीने चला, पुढच्याने हवा फोडावी, मागच्याने आडोसा घ्यावा, दर दहा मिनिटांनी पाळी बदलावी. मात्र मागच्याने एक-दोन सायकलींचे अंतर राखावे. चाकाला चाक लावून जाणे शर्यतवाल्यांनाच शोभते.

कामरगावच्या चढाला सगळी गणिते बदलतात. २५ मीटर चालले की १ मीटर वर, एवढाच चढ धरा. वजनाचा पंचविसावा हिस्सा तुम्हाला मागे ओढतो : सुमारे २७ न्यूटन. सपाटीवरच्या दोन्ही विरोधांच्या बेरजेच्या अडीचपट! ४७ वॅटमध्ये वेग येतो ताशी ५ किलोमीटर, म्हणजे पायी चालण्याएवढा. इतक्या कमी वेगात सायकलीचा तोलही नीट राहत नाही. तेव्हा खुशाल उतरा आणि ढकलत चला. त्यात कमीपणा कसला? गणितच तसे सांगते.

परतीच्या वाटेवर हाच चढ उतार होतो. पायडल न मारता, ब्रेक न लावता सोडून दिलेली सायकल या उतारावर ताशी २९ किलोमीटरच्या आसपास स्थिरावते. तेथे दोन्ही विरोधांची बेरीज आणि उताराची ओढ सारखी होते. उतार अधिक तीव्र असेल तर वेग अधिक. ताशी २९ म्हणजे सेकंदाला ८ मीटर. समोर काही आडवे आले आणि ते ओळखून ब्रेक दाबायला एक सेकंद लागला, तर ८ मीटर तेथेच संपले. कोरड्या रिमवर ब्रेक बरा लागला तर थांबायला आणखी १६ मीटर. पोलादी रिम ओली असेल तर रबराची पकड फार कमी होते. ती निम्मी झाली असे धरले तरी १६ चे ३२ होतात. एकूण ४० मीटर. कबड्डीच्या मैदानाची लांबी १३ मीटर. अशी तीन मैदाने. म्हणून घाटात वेग वाढल्यावर ब्रेक मारायचा नाही, तर वेग वाढूच द्यायचा नाही. मागचा ब्रेक आधी, पुढचा हलके. १०० मीटर उंचीवरून खाली येताना तुमची जवळजवळ ६९,००० ज्यूल स्थितिज ऊर्जा जाते, आणि तिचा मोठा वाटा ब्रेकच्या रबरात व रिममध्ये उष्णता होऊन उतरतो. एक लिटर पाणी १६ अंशांनी तापेल इतकी ही उष्णता! खाली आल्यावर रिमला बोट लावून पाहायचे असेल तर जपून.

आता पोटाकडे वळू. चार तास ४७ वॅटने केलेले कार्य सुमारे ६७७ किलोज्यूल होते. आपले स्नायू अन्नातल्या ऊर्जेचा साधारण पाव हिस्साच कार्यात बदलतात, किंचित कमीच. तेव्हा खर्च झाली सुमारे २,९०० किलोज्यूल, म्हणजे ७०० किलोकॅलरी. सत्तर ग्रॅम पिठाची एक अशा ज्वारीच्या तीन भाकरी! एवढी ऊर्जा पेट्रोलमधून घ्यायची तर जेमतेम ९० मिलिलिटर. १९७० च्या दशकात घरोघरी पोचलेली ‘लूना’ नगरच्या कारखान्यात तयार होत असे. तिला इंजिन होते तसे पायडलही होते. पण भाकरीवर चालणाऱ्या सायकलीइतके काटकसरी वाहन तीही नव्हती.

उरलेल्या पाऊण हिश्श्याचे काय होते? त्याची उष्णता होते, आणि ती बाहेर टाकायला शरीराजवळ मुख्य साधन घाम. एक लिटर घाम सुकताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. आपली हिशेबातली उष्णता २,२०० किलोज्यूलच्या पुढे. म्हणजे उन्हाची भर न धरता, फार तर लिटरभर पाणी केवळ थंड राहण्यासाठी जाते. मुंबईच्या दमट हवेत हा घाम अंगावर ओघळताना दिसतो. नगरच्या कोरड्या हवेत तो निघताक्षणी सुकतो, सदरा कोरडा राहतो आणि “मला घामच येत नाही” असे वाटते. धोका येथे आहे. तहानेची वाट न पाहता दर अर्ध्या तासाने थोडे पाणी प्या. त्यात चिमूटभर मीठ आणि थोडी साखर असावी. बरोबरचा कोणी चक्कर येते म्हणाला, असंबद्ध बोलू लागला, अंग तापून कोरडे पडले, तर सहल तेथेच संपली असे समजा. त्याला सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी मारून वारा घाला आणि ताबडतोब दवाखाना गाठा. एप्रिल-मे महिन्यांत ही सहल काढूच नये.

निघोजला कुकडीचे पात्र पाहिल्यावर वाटेतला शीण जातो. जुन्नरच्या डोंगरातून आलेली ही नदी येथे नगर आणि पुणे जिल्ह्यांची हद्द आहे. मळगंगा देवीच्या देवळाजवळ पात्रातला काळा कातळ असा कोरलेला दिसतो, की कोणी शेकडो रांजण त्यात पुरून ठेवले आहेत. हेच ते रांजणखळगे. कातळ बेसाल्टचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. पुराचे पाणी खडकाच्या एखाद्या खोलगट जागी भोवरा धरते. त्यात सापडलेला गोटा गरगर फिरतो, कातळ घासतो आणि स्वतःही झिजतो. तो झिजून संपला की पुढच्या पुरात दुसरा येतो. नुसते पाणी हे काम फार सावकाश करील. कापणारे हत्यार आहे तो गोटा. खळ्याच्या तळाशी वाकून पाहिले तर हे गुळगुळीत गोटे अजूनही सापडतात. शेजारच्या दोन खळ्यांमधली भिंत झिजून फुटली की त्यांचा एक होतो, आणि असे करत नदी आपली घळ खोल करते.

दोरीला दगड बांधून दोन-चार खळ्यांची खोली मोजा, तोंडाची रुंदी मोजा, तळ तोंडापेक्षा रुंद आहे का पाहा. पण पाण्याने भरलेल्या खळ्यात पोहायला उतरू नका. आत धरायला एकही खाच नसते. भिंती घोटून काढल्यासारख्या असतात. पावसाळ्यात तर काठावरूनच पाहावे. वरच्या बाजूला धरणे आहेत, आणि पाणी केव्हा वाढेल हे पात्रात उभ्या असलेल्याला कळत नाही.

दुसऱ्या दिवशी निघण्याची वेळ कातळावर बसूनच ठरवा. समजा डिसेंबर आहे, आणि ईशान्येचा वारा दिवसभर ताशी १५ किलोमीटरने समोरून येणार आहे. साठ किलोमीटरांना ७ तास. जेवण आणि विश्रांतीला दीड तास. एका पंक्चरला अर्धा तास. एकूण ९. सकाळी सातला, उजाडताच निघालात तर चारला नगरात. सूर्य मावळतो सहाच्या सुमारास, म्हणजे दोन तास हाताशी राहिले. साडेनऊला निघालात तर केडगावच्या आसपास, वाहनांच्या ऐन वर्दळीत दिवस बुडेल. आणि नाश्ता, फोटो, आवराआवर करत अकरा वाजवलेत, तर कामरगावचा उतार अंधारात उतरावा लागेल. तेथे ४० मीटर पुढचे काही दिसणार नाही.