अल्फा-सिन्युक्लिन : प्रयोगशाळेत घडविलेले मानवी प्रथिन

कंपवातावर (पार्किन्सन रोगावर) लेव्होडोपासारखी औषधे उपलब्ध आहेत. त्यांमुळे लक्षणे आटोक्यात राहतात. परंतु मेंदूतील चेतापेशींचा ऱ्हास थांबत नाही. हा ऱ्हास कसा सुरू होतो, हे समजून घेण्यासाठी अल्फा-सिन्युक्लिन या प्रथिनाचा अभ्यास महत्त्वाचा ठरला आहे.

प्रथिनाचे स्वरूप

दोन चेतापेशींमधील संदेशवहनाच्या सांध्यास सिनॅप्स म्हणतात. संदेश पाठविणाऱ्या पेशीच्या टोकाशी हे प्रथिन विपुल आढळते. ते 140 अमिनो आम्लांचे असून त्याचे जनुक मानवाच्या चौथ्या गुणसूत्रावर आहे. या जनुकातील उत्परिवर्तनाचा आनुवंशिक कंपवाताशी असलेला संबंध 1997 मध्ये उघड झाला. रुग्णांच्या चेतापेशींत आढळणाऱ्या 'लुई पिंडां'त हेच प्रथिन साचलेले असते, हेही त्याच वर्षी दिसून आले.

निर्मितीची पद्धत

जिवंत रुग्णाच्या मेंदूतून असे प्रथिन अभ्यासासाठी काढता येत नाही. म्हणून पुनःसंयोजित डीएनए तंत्राचा आधार घेतला जातो. मानवी जनुकाचा संकेत प्लाझ्मिड या वर्तुळाकार डीएनएमध्ये जोडून तो ई. कोलाय जिवाणूत सोडतात. जिवाणू वाढून प्रथिन तयार करतात. नंतर पेशी फोडून ते शुद्ध केले जाते. उष्णता दिल्यावर इतर बहुतेक प्रथिने साकळतात, हे मात्र विद्राव्य राहते. या गुणाचा शुद्धीकरणात उपयोग होतो.

पवई येथील संशोधन

मुंबईतील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत समीर माजी यांच्या गटाने या प्रथिनाचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे. हे प्रथिन प्रथम द्रवरूप थेंबांत एकवटते, कालांतराने हे थेंब घट्ट होतात व त्यांत तंतू निर्माण होतात, असे या गटाने 2020 मध्ये दाखविले. गाठी बनण्याच्या आरंभीच्या टप्प्याचा त्यामुळे उलगडा झाला. तो टप्पा रोखणाऱ्या संयुगांचा शोधही अशाच शुद्ध प्रथिनावर घेता येतो.

मर्यादा व नियमन

जिवाणूतील प्रथिन मानवी पेशीतील प्रथिनाशी सर्वस्वी समान नसते. मानवी पेशीत त्याच्या आरंभीच्या टोकास ॲसिटिल गट जोडला जातो; साध्या ई. कोलायमध्ये ही क्रिया घडत नाही. जिवाणूंच्या आवरणातील विषद्रव्याचा अंश उरल्यास पेशींवरील प्रयोगांचे निष्कर्ष दिशाभूल करू शकतात. त्यामुळे शुद्धतेची तपासणी अनिवार्य ठरते.

कुपीवरील 'केवळ संशोधनासाठी' या शब्दांचा अर्थही ध्यानात घ्यावयास हवा. याच तंत्राने बनलेल्या मानवी इन्सुलिनला 1982 मध्ये अमेरिकेत औषध म्हणून मान्यता मिळाली, ती रुग्णांवरील चाचण्यांनंतर. संशोधनासाठीचे प्रथिन अशा कसोट्यांतून गेलेले नसते. ते रोगनिदानासाठी वा उपचारासाठी वापरता येत नाही. भारतात जनुकीय बदल केलेल्या जिवाणूंची हाताळणी पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, 1986 अन्वये केलेल्या 1989 च्या नियमांनुसार होते. त्यासाठी संस्थास्तरावर जैवसुरक्षा समिती असते.

कंपवाताच्या रुग्णास हे प्रथिन थेट दिलासा देत नाही. रोगाची वाढ रोखणाऱ्या औषधाचा मार्ग मात्र अशाच अभ्याससाधनांतून प्रशस्त होऊ शकतो.